फ्रेडरिक सँगर: आमच्या नागपूरच्या विज्ञान कट्ट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही निवृत्त शिक्षक मिळून नागपुरात रविवारी मुलांसाठी विज्ञान कट्टा भरवतो. जीनोम वाचायची पद्धत शोधणाऱ्या फ्रेडरिक सँगर यांच्यावर तीन बैठका झाल्या आणि तेव्हापासून माझा फोन शांत नाही. मुलं विचारतात, त्यांचे पालक विचारतात, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा रिपोर्ट हातात घेतलेले ओळखीपाळखीचे लोकही विचारतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. जिथे उत्तर आधीच दिलंय तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सँगर नेमके कोण? थोडक्यात सांगा, उद्या शाळेत बोलायचं आहे.

फ्रेडरिक सँगर (१३ ऑगस्ट १९१८ ते १९ नोव्हेंबर २०१३) हे इंग्लंडचे जीवरसायनशास्त्रज्ञ. जन्म ग्लॉस्टरशायरमधल्या रेंडकोम्ब गावचा, पण सगळी कारकीर्द केंब्रिजमध्ये गेली. प्रथिनं, आरएनए आणि डीएनए हे तिन्ही लांबलचक रेणू मण्यांच्या माळेसारखे असतात. माळेत कितव्या जागी कोणता मणी आहे हे वाचायच्या पद्धती बसवणं, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. प्रथिनासाठी १९५८ मध्ये आणि डीएनएसाठी १९८० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. भाषणाला एवढं पुरे. बाईंनी पुढचं विचारलं तर प्रश्न ८ आणि १० वाचून जा.

२. मॅडम, हे आपल्या इकडचे सेंगर होय का?

नाही हो. मध्य प्रदेश-उत्तर प्रदेशातले सेंगर वेगळे, हे सँगर वेगळे. पण हा प्रश्न इतक्यांदा आलाय की क्रमांक दोनवर घ्यावा लागला. त्यांचे वडील, त्यांचंही नाव फ्रेडरिकच, डॉक्टर होते. काही काळ चीनमध्ये मिशनरी डॉक्टर म्हणून राहिले आणि तब्येत बिघडली म्हणून परतले. आई सिसिली एका कापूस गिरणीवाल्याची मुलगी. कापसाचा एवढाच धागा आपल्या विदर्भाशी जोडता येईल, तोही ओढूनताणून.

३. गांधीजींना भेटायला वर्ध्याला आलेल्या मार्गारेट सँगर त्यांच्या पत्नी का?

नाही, पण घोळ होण्यासारखाच आहे. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या अमेरिकेच्या मार्गारेट सँगर डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या होत्या. त्यांचा या शास्त्रज्ञांशी संबंध नाही. आता गंमत अशी की फ्रेडरिक सँगर यांच्या पत्नीचं नावही मार्गारेटच, मार्गारेट जोन हाउ. १९४० मध्ये लग्न झालं, पुढे दोन मुलगे आणि एक मुलगी. वर्ध्याहून आलेल्या एका आजोबांनी कट्ट्यावर ही जोडी ठामपणे लावून दिली होती आणि त्यांच्या समोर मला लगेच नाही म्हणवलं नाही. म्हणून इथे लिहिते.

४. डीएनए त्यांनीच शोधला ना?

नाही. डीएनए पहिल्यांदा वेगळा काढला तो मीशर यांनी, १८६९ मध्ये. त्याचा दुहेरी गोफ वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडला, त्यामागे रोझालिंड फ्रँकलिन यांची क्ष-किरण छायाचित्रं होती. गोफाचा आकार कळला तरी त्यावर लिहिलंय काय, हे कळलं नव्हतं. पोथी सापडली, पानं मोजली, पण अक्षर लागत नाही, अशी अवस्था. अक्षर लावायची सोपी रीत सँगर यांनी १९७७ मध्ये दिली. जनुक म्हणजे या मजकुरातला एक उतारा आणि जीनोम म्हणजे अख्खा ग्रंथ, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढची उत्तरं कळतील.

५. दोन नोबेल म्हणजे शाळेत पहिला नंबर असणारच?

पालकांचा लाडका प्रश्न. उत्तर ऐकून बरेच जण विषय बदलतात.

केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात भौतिकशास्त्र आणि गणित त्यांना जड गेलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी भौतिकशास्त्र सोडून शरीरक्रियाशास्त्र घेतलं. पदवीचा पहिला टप्पा पार करायला तीन वर्षं लागली. मग जीवरसायनशास्त्र हाती आलं आणि त्यात पहिला वर्ग मिळाला. त्याच काळात आई आणि वडील दोघंही कर्करोगाने गेले. आपल्याला कधी शिष्यवृत्ती मिळाली नाही आणि घरचं बरं नसतं तर केंब्रिजला शिकताही आलं नसतं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १९४३ मध्ये पीएच.डी. झाली, विषय लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाच्या माळेतला एक मणी) शरीरात कसं वापरलं जातं, मार्गदर्शक अल्बर्ट न्यूबर्गर.

माझं मत विचाराल तर त्यांची हुशारी हातात होती. प्रयोग फसला की ते त्याच्यावर फार विचार करत बसत नसत, पुढचा लावत. प्रयोगशाळेत आयुष्यभर खुडबुड करणारा माणूस, अशी स्वतःची ओळख ते करून देत. आपल्याकडे बारावीचं प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल उतरवून काढणं असतं. तीस वर्षं तीच जर्नलं तपासली, म्हणून हे बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

६. दुसऱ्या महायुद्धात ते लढले का नाहीत? पळपुटेपणा नव्हता का?

घर क्वेकर पंथाचं होतं. हा ख्रिस्ती पंथ शस्त्र हाती घेणं मानत नाही. सँगर यांनी सदसद्विवेकाच्या आधारावर लढायला नकार दिला, तो रीतसर नोंदवला गेला आणि मान्यही झाला. पुढच्या आयुष्यात त्यांची देवावरची श्रद्धा उरली नाही. सेवाग्रामला जाऊन आलेल्यांना क्वेकर मंडळी परकी वाटू नयेत. नई तालीमच्या कामात राहिलेल्या मार्जरी साइक्स याच पंथाच्या. लढाईच्या दिवसांत प्रयोगशाळेत बसून काम करू देणारा देश आणि ते काम इमानाने करणारा तरुण, दोघांचंही मला कौतुक वाटतं. पळपुटेपणा वगैरे ज्याचं त्याने ठरवावं.

७. माझी आई रोज इन्सुलिन घेते. ते सँगर यांनी शोधलं का?

इन्सुलिन वेगळं काढलं टोरांटोत बँटिंग, बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९२१ मध्ये. सँगर यांनी या प्रथिनाची रचना वाचली, म्हणजे त्यातली ५१ अमिनो आम्लं कोणत्या क्रमाने आहेत ते ठरवलं. ते गाईबैलांचं इन्सुलिन होतं, कारण तेच शुद्ध स्वरूपात आणि भरपूर मिळत होतं.

क्रम कळल्यावर तुलना करता आली. गाईच्या आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये फक्त ३ अमिनो आम्लांचा फरक आहे, डुकराच्या आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये अवघ्या एकाचा. म्हणूनच जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं इन्सुलिन इतकी वर्षं माणसांना चाललं. पुढे मानवी क्रमाचं इन्सुलिन जीवाणूंकडून करवून घेता आलं आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली. आईच्या फ्रिजमधली कुपी याच वाटेने आली आहे.

८. पण ५१ अमिनो आम्लांचा क्रम कळला कसा? सूक्ष्मदर्शकातून दिसतो का?

दिसत नाही. सगळं रसायनशास्त्राने ओळखायचं.

आधी टोक शोधायचं. सँगर यांनी फ्लुओरो-डायनायट्रोबेन्झीन नावाचं रसायन वापरलं. ते माळेच्या मोकळ्या टोकाला चिकटतं आणि पिवळा रंग देतं. मग आम्लात उकळून माळ तोडायची आणि कोणतं अमिनो आम्ल पिवळं झालं ते पाहायचं. पिवळी टोकं निघाली दोन प्रकारची, ग्लायसिन आणि फिनिलअॅलानिन. म्हणजे माळा दोन! एक २१ मण्यांची, दुसरी ३० मण्यांची आणि दोन्ही गंधकाच्या पुलांनी जोडलेल्या.

पुढचं काम चिकाटीचं. माळेचे अर्धवट तुकडे करायचे, कागदावरच्या क्रोमॅटोग्राफीने वेगळे करायचे, प्रत्येक तुकडा ओळखायचा आणि जिथे दोन तुकडे एकमेकांवर चढतात तिथून जोडत जायचं. कट्ट्यावर मी मुलांना तीन फाटक्या चिठ्ठ्या दिल्या होत्या, "बर्डी-महाल", "महाल-सक्करदरा" आणि "धरमपेठ-बर्डी". बस कुठून कुठे जाते? पाचवीतल्या मुलीने दहा सेकंदांत सांगितलं. सँगर यांना दहा वर्षं लागली, कारण चिठ्ठ्या शेकड्यांनी होत्या आणि बऱ्याच पुसट. मोठी माळ हान्स टुपी यांच्यासोबत १९५१ मध्ये लागली, लहान माळ थॉम्प्सन यांच्यासोबत १९५३ मध्ये, गंधकाचे पूल १९५५ मध्ये.

याचं खरं वजन कशात आहे ते ऐका. तोवर अनेक जाणकारांना वाटायचं की प्रथिनाची रचना ठरावीक नसते, तो जवळपास सारख्या रेणूंचा मेळ असतो. इन्सुलिनने दाखवलं की नाही, प्रत्येक मण्याची जागा ठरलेली आहे. जागा ठरलेली असेल तर कुठेतरी तिची नोंद असणार. ती नोंद म्हणजे जनुक.

९. १९५८ ला नोबेल, मग थेट १९७७. मधली वीस वर्षं काय केलं?

नाव घेण्यासारखं फार नाही, निदान सुरुवातीला. नोबेल मिळालेला माणूस एरवी समित्यांवर बसतो, भाषणं देत हिंडतो. सँगर टेबलापाशीच राहिले. १९६२ मध्ये ते केंब्रिजच्या नव्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत गेले. तिथे पेरुट्झ आणि क्रिक यांच्यासारख्यांच्या शेजारात ते प्रथिनाकडून आरएनएकडे वळले. आरएनएच्या शर्यतीत रॉबर्ट होली पुढे गेले, त्यांनी १९६५ मध्ये एका आरएनएचा पूर्ण क्रम दिला. सँगर यांच्या गटाने १९६७ मध्ये ई. कोलाय जीवाणूतल्या एका आरएनएची १२० अक्षरं वाचली. मग डीएनए. त्यात १९७५ मध्ये अॅलन कोल्सन यांच्यासोबत "अधिक-उणे" नावाची पहिली पद्धत बसली. या कोल्सन यांचं नाव पाठ्यपुस्तकांत येत नाही, ते यायला हवं.

१०. ती प्रसिद्ध डायडीऑक्सी पद्धत आहे तरी काय? पुस्तकातली आकृती कळत नाही.

आकृती बाजूला ठेवा, मणी घ्या.

नेहमीच्या मण्याला आरपार भोक असतं, त्यामुळे एकामागे दुसरा ओवता येतो. आता असा मणी घ्या ज्याचं भोक एका बाजूने बंद आहे. तो माळेत जाईल, पण त्यानंतर काही ओवता येणार नाही. डायडीऑक्सी न्यूक्लिओटाइड म्हणजे हा बंद मणी. पुढची कडी जोडायला ३ क्रमांकाच्या कार्बनवर जो हायड्रॉक्सिल गट लागतो, तोच त्याच्याकडे नसतो.

ज्या डीएनएचा क्रम हवा, त्याची नक्कल पॉलिमरेझ या विकराकडून करवून घ्यायची. त्यासाठी चार नळ्या. प्रत्येक नळीत डीएनएच्या चारही अक्षरांचे (ए, टी, जी, सी) उघडे मणी, पण बंद मणी मात्र एकाच प्रकारचे. "ए"च्या नळीत जिथे जिथे "ए" येतो तिथे काही माळा थांबतात, काही पुढे जातात. शेवटी त्या नळीत "ए"पाशी थांबलेल्या सगळ्या लांबींच्या माळा तयार होतात. चारही नळ्यांमधला माल पातळ जेलवर शेजारी शेजारी सोडून वीज लावायची. आखूड माळ जास्त पुढे पळते, लांब मागे राहते. माळांवर किरणोत्सारी खूण असल्यामुळे क्ष-किरणांच्या फिल्मवर शिडीच्या पायऱ्या उमटतात. खालून वर वाचत जायचं, पहिली पायरी कोणत्या रांगेत, दुसरी कोणत्या. झालं वाचन.

हे आम्ही कट्ट्यावर खरोखर केलं आणि पहिल्यांदा तोंडावर पडले. उत्साहाच्या भरात मी निम्मे मणी बंद करून ठेवले. सगळ्या माळा दोन-तीन मण्यांत संपल्या, टोकापर्यंत एकही पोचली नाही, मुलं हसायला लागली. मग कळलं की पद्धतीचा जीव प्रमाणात आहे. खऱ्या प्रयोगातही विकर बंद मणी किती चटकन उचलतो ते पाहून प्रमाण बसवावं लागतं. शिवाय त्या काळी हे सगळे बंद मणी विकत मिळत नसत, काही प्रयोगशाळेतच बनवावे लागले. (मण्यांचा खेळ घरी करायचा असेल तर प्रश्न २० पाहा.)

११. फाय-एक्स १७४ या विषाणूचा जीनोम डायडीऑक्सी पद्धतीनेच वाचला ना? आणि त्याची अक्षरं ५,३७५ की ५,३८६?

स्पर्धा परीक्षावाल्यांनो, हा नीट वाचा.

१९७७ मध्ये सँगर यांच्या गटाचे दोन गाजलेले शोधनिबंध आले. फेब्रुवारीतल्या निबंधात जीवाणूंना लागण करणाऱ्या फाय-एक्स १७४ या विषाणूचा क्रम होता आणि तो मुख्यतः "अधिक-उणे" पद्धतीने वाचलेला होता. डायडीऑक्सी पद्धतीचा निबंध डिसेंबरात आला. पहिल्या निबंधात अक्षरं सुमारे ५,३७५ दिली होती. पुढच्याच वर्षी नव्या पद्धतीने दुरुस्ती झाली आणि आकडा ५,३८६ झाला. दोन्ही आकडे पुस्तकांत आहेत, बरोबर म्हणायचा तो ५,३८६.

या इवल्या विषाणूत एक चमत्कारही सापडला. एकाच मजकुरावर दोन जनुकं! सुरुवात एका अक्षराने सरकवली की त्याच अक्षरांतून दुसरं प्रथिन निघतं. "नवजीवन" हा शब्द "नव"पासून वाचला तर एक अर्थ, "वजी"पासून वाचला तर दुसरा, असं मराठीत करून पाहा. जमणार नाही. विषाणूला जमतं.

१२. म्हणजे जगातला पहिला वाचलेला जीनोम तो?

पहिला डीएनए जीनोम. एमएस-२ या विषाणूचा आरएनए जीनोम, ३,५६९ अक्षरांचा, बेल्जियमच्या वॉल्टर फिअर्स यांच्या गटाने १९७६ मध्येच पूर्ण केला होता. स्वतंत्रपणे जगणाऱ्या सजीवाचा पहिला पूर्ण जीनोम मात्र १९९५ चा, हिमोफिलस इन्फ्लुएंझा या जीवाणूचा. तो क्रेग व्हेंटर यांच्या गटाने वाचला. प्रश्नपत्रिकेत "पहिला" दिसला की आधी विचारा, कशातला पहिला.

१३. हे काम आपल्या रायपूरच्या हरगोविंद खोरानांनी आधीच केलं नव्हतं का?

दोन दुरुस्त्या. रायपूर ते नव्हे. खोराना जन्मले ते रायपूर तेव्हाच्या पंजाबातल्या मुलतानकडचं एक खेडं, आता पाकिस्तानात. नागपूरहून रेल्वेने गाठता येणारं रायपूर ते नाही, कितीही वाटलं तरी.

दुसरी गोष्ट, दोघांचं काम एकमेकांना पूरक आहे. अनुवांशिक संकेताचा उलगडा करण्यातल्या वाट्याबद्दल खोरानांना निरेनबर्ग आणि होली यांच्यासोबत १९६८ चं नोबेल मिळालं. पुढे त्यांनी प्रयोगशाळेत अक्षर अक्षर जोडून जनुक तयार केलं. खोरानांनी लिहून दाखवलं, सँगर यांनी वाचून दाखवलं. १९५० च्या आसपास खोराना केंब्रिजमध्ये होते आणि प्रथिनं व न्यूक्लिक आम्लांची गोडी त्यांना तिथेच लागली, इन्सुलिनचं काम रंगात आलेलं असताना.

१४. एकाच विषयात दोन नोबेल आणखी कुणाला मिळाली आहेत?

रसायनशास्त्रात सँगर पहिले. नंतर बॅरी शार्पलेस यांनी २००१ आणि २०२२ अशी बरोबरी केली. भौतिकशास्त्रात जॉन बार्डीन. मेरी क्युरी आणि लायनस पॉलिंग यांची दोन-दोन नोबेल वेगवेगळ्या विषयांतली.

१९८० चं पारितोषिक वाटलेलं होतं. निम्मं पॉल बर्ग यांना, उरलेलं सँगर आणि वॉल्टर गिल्बर्ट यांना. गिल्बर्ट यांनी मॅक्सम यांच्यासोबत डीएनए वाचायची वेगळी, रसायनांनी साखळी तोडायची पद्धत त्याच १९७७ मध्ये दिली होती. काही वर्षं तीही जोरात होती. सँगर यांची पद्धत टिकली, कारण ती करायला सुटसुटीत होती आणि पुढे यंत्रावर चढवता आली.

१५. मग माणसाचा जीनोमही सँगर यांनीच वाचला?

त्यांनी नाही, त्यांच्या पद्धतीने. ते १९८३ मध्येच निवृत्त झाले होते (प्रश्न १७). १९८६ मध्ये लीरॉय हूड यांच्या प्रयोगशाळेने किरणोत्सारी खुणांऐवजी चार रंगांचे चमकणारे रंजक वापरून वाचन यंत्राच्या हवाली केलं. सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मानवी जीनोम अशाच यंत्रांनी वाचला. मसुदा २००० मध्ये जाहीर झाला, प्रकल्प २००३ मध्ये संपला आणि राहिलेल्या फटी २०२२ मध्ये भरल्या, त्या मात्र नव्या पिढीच्या यंत्रांनी.

या कामातला सुमारे एक तृतीयांश वाटा केंब्रिजजवळ हिंक्स्टनला असलेल्या सँगर सेंटरचा. १९९३ मध्ये ते सुरू होताना जॉन सल्स्टन यांनी नाव द्यायची परवानगी मागितली, तेव्हा सँगर यांचं म्हणणं एवढंच होतं की काम चांगलं व्हायला हवं. वाचलेला क्रम चोवीस तासांत सगळ्यांसाठी खुला करायचा, ही शिस्त सल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ठरवून घेतली. अब्जावधी डॉलरच्या धंद्याच्या तोंडावर ती पाळणं सोपं नव्हतं.

१६. आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघरांच्या) डीएनएची अक्षरं १६,५६९ शिकवतात. इंटरनेटवर कुणी १६,५६८ म्हणतं. चूक कुणाची?

दोघांचीही नाही. सँगर यांच्या गटाने १९८१ मध्ये हा क्रम दिला तेव्हा १६,५६९ अक्षरं मोजली. १९९९ मध्ये तोच नमुना पुन्हा वाचला तेव्हा कळलं की एका ठिकाणी दोनदा लिहिलेलं "सी" प्रत्यक्षात एकदाच आहे. पण जगभरच्या नोंदी जुन्या क्रमांकांवर बसलेल्या होत्या. म्हणून ती जागा रिकामी ठेवून क्रमांक तेच चालू ठेवले. इतवारीतल्या जुन्या घरांचे नंबर जसे मधलं घर पडलं तरी बदलत नाहीत, तसं. परीक्षेत १६,५६९ लिहा.

१७. त्यांना "सर" का म्हणत नाहीत? आणि ६५ व्या वर्षी खरंच सगळं सोडलं?

"सर" ही पदवी देऊ केली होती, त्यांनी नाकारली. कुणी "सर" म्हणून हाक मारलेली त्यांना नको होती. १९८६ मध्ये "ऑर्डर ऑफ मेरिट" मात्र स्वीकारली, तिच्यामुळे नावामागे "सर" लागत नाही.

आणि हो, १९८३ मध्ये निवृत्त झाले ते खरेखुरे. ना मानद पद, ना सल्लागाराची खुर्ची. केंब्रिजजवळच्या स्वाफहॅम बलबेक गावातल्या घरी जाऊन बाग करायला लागले. आपल्याकडे निवृत्त माणूस संस्थेच्या फाटकाशी किती वर्षं घुटमळतो ते मी पाहिलंय, थोडीफार मीही घुटमळले. माणसं मात्र ते घडवून गेले होते. त्यांच्याकडे पीएच.डी. केलेल्या रॉडनी पोर्टर यांना १९७२ मध्ये नोबेल मिळालं, एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना २००९ मध्ये.

१८. कोरोनात पेपरात रोज यायचं ते "जीनोम सिक्वेन्सिंग" हेच का?

त्याच घराण्यातलं, पण पुढच्या पिढीचं. आपल्या नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने शोधलेली गुळण्यांची चाचणी आठवत असेल. तिच्यातून विषाणू आहे की नाही एवढंच कळायचं. तो कोणत्या प्रकारचा, हे कळायला त्याची सुमारे ३० हजार अक्षरं वाचावी लागत. त्यासाठी एका वेळी लाखो तुकडे वाचणारी यंत्रं असतात. त्यातली एक महत्त्वाची पद्धत केंब्रिजमध्येच, चेन्नईत जन्मलेल्या शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन यांनी बसवली. तिच्यातही मणी बंदच असतो, फक्त वाचून झाल्यावर त्याचं भोक पुन्हा उघडता येतं. सँगर पद्धत अजून निवृत्त झालेली नाही. एखादाच छोटा तुकडा खात्रीने वाचायचा असेल तर आजही तीच लावतात.

१९. सिकलसेलच्या जनुकीय रिपोर्टवर "७" लिहिलंय आणि पुस्तकात "६ व्या जागी बदल" आहे. रिपोर्ट चुकला का? आणि आलेखात एकाच जागी दोन रंग का?

विदर्भात हा प्रश्न पुस्तकी नाही, म्हणून जरा सविस्तर.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. एकाच अमिनो आम्लाचा हा बदल व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५७ मध्ये केंब्रिजलाच दाखवला, सँगर यांनी प्रथिनं वाचायची वाट मोकळी केल्यानंतर दोनच वर्षांनी. प्रथिन तयार होताना सुरुवातीला मेथिओनिन असतं, ते नंतर कापलं जातं. जुनी पुस्तकं ते वगळून मोजतात, म्हणून ६. आताच्या जनुकीय रिपोर्टमध्ये ते धरून मोजतात, म्हणून ७. बदल एकच, "जीएजी"चं "जीटीजी".

आता रंग. सँगर पद्धतीच्या आलेखात साधारणपणे "ए" हिरवा, "टी" लाल, "सी" निळा आणि "जी" काळा असतो. वाहकाकडे एक प्रत नेहमीची आणि एक बदललेली असते. त्यामुळे मधल्या अक्षराच्या जागी हिरवं शिखर आणि लाल शिखर एकमेकांवर उभी दिसतात, दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा बुटकी. हा यंत्राचा दोष नाही, तेच उत्तर आहे. नुसतंच लाल शिखर असेल तर दोन्ही प्रती बदललेल्या.

मात्र प्रत्येकाला ही तपासणी लागत नाही. साधी सोल्युबिलिटी चाचणी लाल पेशींतला हा दोष पकडते, पण वाहक की रुग्ण ते सांगत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासण्यांवर कळतं. दोन ठिकाणी फसगत होते. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर दुसऱ्याचं रक्त मोजलं जातं. आणि तान्ह्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असल्यामुळे सोल्युबिलिटी चाचणी भरवशाची नसते. डीएनए वाचायची वेळ मुख्यतः निकाल कोड्यात टाकतो तेव्हा किंवा गर्भाची तपासणी करायची असते तेव्हा येते. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, पहिलं मूल निरोगी झालं तरी दुसऱ्या वेळी तेवढीच. रिपोर्ट मला फोटो काढून पाठवू नका. मी शिक्षिका आहे. तो घेऊन डॉक्टरांकडे जा.

२०. मण्यांचा खेळ घरी करायचा आहे. सामान काय?

इतवारीत माळा ओवायचे मणी वजनावर मिळतात. हिरवे, लाल, निळे, काळे असे चार रंग घ्या (कोणतं अक्षर कोणत्या रंगाचं ते प्रश्न १९ मध्ये आहे), भोक जरा मोठं बघून. कागदी पट्टीवर वीसेक अक्षरं लिहा. "ए"समोर "टी"चा मणी, "जी"समोर "सी"चा, हा नियम. चार गट करा आणि प्रत्येक गटाला एकाच रंगाचे काही बंद मणी द्या, उघड्या पाचांमागे एक. भोक मेणबत्तीच्या मेणाने बुजवा, दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात टाकलं की मणी परत वापरता येतात. मूल डोळे मिटून वाटीतून हव्या त्या रंगाचा मणी काढेल, बंद निघाला की गाठ मारून माळ बाजूला. एका गटाच्या दहा-बारा तरी माळा होऊ द्या. मग सगळ्या माळा लांबीप्रमाणे दोरीवर टांगा आणि आखूड बाजूने शेवटच्या मण्याचा रंग वाचत जा. मधली एखादी लांबी मिळाली नाही तर त्या गटाला आणखी चार माळा ओवायला बसवा.